भिंतीवरची गावे

अमेरिकेतल्या जुन्या गावांतून हिंडताना एक चौकट वारंवार समोर येते. कधी बँकेत, कधी दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत, कधी कॉफीच्या दुकानात, तर कधी कुणाच्या घरी जिन्याच्या भिंतीवर. आत पिवळट तपकिरी मोठा कागद आणि त्यावर आकाशातून तिरके पाहावे तसे अख्खे गाव. सरळ आखलेले रस्ते, कोर्टाचा घुमट, चर्चचे सुळके, कारखान्यांची धुराडी, नदीत आगबोट, गावाच्या कडेने धूर सोडत निघालेली आगगाडी. प्रत्येक घर वेगळे काढलेले. खिडक्या मोजायच्या म्हटल्या तर मोजता येतात. तळाशी गावाचे नाव, १८७० ते १९१० च्या मधले कुठले तरी साल आणि बारीक अक्षरांत आकडेवार यादी : शाळा, पोस्ट, हॉटेले, लाकडाची वखार, पिठाची गिरणी.

या चित्रांना तिकडे ‘बर्ड्‌स आय व्ह्यू’ किंवा ‘पॅनोरमिक मॅप’ म्हणतात. या पुस्तकात मी सरसकट ‘विहंगम नकाशे’ म्हटले आहे. आज ते बहुतेकांना ठाऊक आहेत ते घरसजावटीची वस्तू म्हणून. कागदावर, कॅनव्हासवर, हव्या त्या मापात त्यांच्या प्रतिकृती मिळतात. नव्या घराची वास्तुशांत असो की कुणाची निवृत्ती, आपल्या गावाचा जुना नकाशा चौकटीत घालून भेट देण्याची तिथे पद्धतच पडली आहे. इतिहासाचे अभ्यासक याकडे थोडे नाक मुरडून पाहतात. अस्सल साधनाची शोभेची वस्तू झाली, अशी त्यांची तक्रार.

मला ही तक्रार पटत नाही, कारण हे नकाशे मुळातच भिंतीसाठी जन्मले. कोणत्याही सरकारी खात्याने ते मोजणीसाठी करवले नव्हते, की लष्कराने मोहिमेसाठी. गावातल्या माणसांनी वर्गणी भरून, स्वतःच्या दुकानात आणि बैठकीच्या खोलीत लावायला ते विकत घेतले. प्रतिकृती भिंतीवर गेली म्हणून त्यांचे काही बिघडत नाही. बिघडते ते त्यांच्याकडे नुसती शोभा म्हणून पाहिल्यावर. ही चित्रे वाचायची असतात. वाचायची कशी, आणि वाचता येईल अशी प्रत निवडायची कशी, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले.

आधी ती तयार कशी होत ते पाहू, कारण त्यांचे सगळे गुणदोष त्या धंद्यातून आले आहेत. गावात प्रथम एक दलाल येई. तो व्यापाऱ्यांना, नगरपालिकेच्या कारभाऱ्यांना, वर्तमानपत्राच्या संपादकाला भेटे. शेजारच्या गावाचा छापलेला नकाशा बरोबर असेच; तो उलगडून दाखवला की अर्धे काम होई. शेजारच्या गावाकडे आहे आणि आपल्याकडे नाही, ही टोचणी पुरेशी असे. मग आगाऊ मागणी नोंदवली जाई. एका प्रतीची किंमत साधारणपणे दोन ते पाच डॉलर, म्हणजे मजुराची दोन-चार दिवसांची कमाई. पुरेशी नावे नोंदली गेली तरच चित्रकार कामाला लागे.

चित्रकार बलूनमध्ये बसत नसे. तो पायी चालत असे. गावाचा आखणीचा नकाशा मिळवायचा, त्यावरून कागदावर तिरक्या दृष्टीची चौकट आखायची, रस्ते त्या चौकटीत बसवायचे आणि मग वहीपेन्सिल घेऊन एकेक गल्ली पालथी घालायची. प्रत्येक इमारतीचे मजले, छपराचा उतार, ओसरी, खिडक्यांच्या रांगा टिपून घ्यायच्या. शेवटी ही शेकडो टिपणे त्या आखलेल्या रस्त्यांवर उभी करायची, जणू पाहणारा दोन-तीन हजार फूट उंचीवर तरंगतो आहे. आकाशातून दिसणारे दृश्य म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो ते सबंध जमिनीवरून रचलेले आहे. दृष्टीचा कोनही हिशेबाने निवडलेला असे. फार वरून पाहिले तर नुसती छपरे दिसतात आणि फार खालून पाहिले तर पुढच्या घरांमागे मागची घरे झाकली जातात. छपर आणि दर्शनी भिंत दोन्ही दिसतील असा कोन पकडला की वर्गणी भरणाऱ्याला स्वतःच्या दुकानाचा दर्शनी भाग ओळखू येई. माप मात्र बिनचूक नसे. त्यावरून अंतर मोजायला जाऊ नये.

कच्चे चित्र तयार झाले की ते गावात मांडत. लोक येऊन चुका दाखवत आणि तेवढ्यात आणखी काही प्रती खपत. ज्यांना जास्त पैसे मोजायचे असतील त्यांच्या दुकानाचे, कारखान्याचे किंवा बंगल्याचे मोठे चित्र नकाशाच्या कडेला चौकटीत छापले जाई. म्हणजे गावाचा नकाशा, गावाचा अभिमान आणि गावातल्या दुकानदारांची जाहिरात असे तिन्ही एकाच कागदावर.

छपाई शिळाछापाची. बव्हेरियातल्या झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेले हे तंत्र मराठी वाचकाला परके नाही. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ मध्ये छापलेले पंचांग शिळाछापाचेच, आणि राजा रविवर्म्यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला छापखानाही दगडावरच चाले. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी आपल्याकडच्या मध्यमवर्गीय भिंतींवर चढत होत्या, त्याच दशकात तिकडच्या मध्यमवर्गीय भिंतींवर त्यांची गावे चढत होती. तंत्र एक आणि गिऱ्हाईकही साधारण एकाच ऐपतीचे. ज्याला तैलचित्र परवडत नाही पण भिंत मोकळी ठेवायची नाही, असा माणूस.

गाव उंचावरून पाहण्याची हौस अर्थातच अमेरिकेची नाही. याकोपो दे बार्बारीचे व्हेनिस १५०० सालचे. सहा लाकडी ठशांवरून छापलेले, जोडल्यावर पावणेतीन मीटरच्या आसपास रुंद. त्याचे मूळ ठसे व्हेनिसच्या कोर्रेर संग्रहालयात आजही आहेत. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे कोलोन शहरात १५७२ पासून १६१७ पर्यंत सहा खंडांत निघालेला ब्राउन आणि होगेनबेर्ग यांचा शहरांचा संग्रह. पाचशेहून अधिक दृश्यांच्या या संग्रहाच्या पहिल्याच खंडात दीव आणि गोवा आहेत. चित्रांच्या पुढच्या भागात स्थानिक पोशाखातली माणसे उभी केलेली दिसतात, आणि ब्राउनने त्याचे कारण गंमतीचे दिले आहे. तुर्कांना मानवाकृती पाहणे निषिद्ध, तेव्हा माणसे असलेली चित्रे ते शहरांवर चालून जायला वापरणार नाहीत, असा त्याचा तर्क. नकाशा शत्रूच्या हाती पडण्याची ही धास्ती पुढेही भेटणार आहे.

गोव्याचे याहून कितीतरी भरगच्च दर्शन १५९६ मध्ये आले. यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ पासून काही वर्षे गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी कारकून होता. मायदेशी परतल्यावर त्याने अ‍ॅम्स्टरडॅममध्ये आपले ‘इतिनेरारिओ’ छापले आणि त्यात गोवा शहराचा मोठा कोरीव नकाशा घातला. जुन्या गोव्यात आज जिथे चर्चे आणि मोकळी जागा तेवढी उरली आहे, तिथे या कागदावर रस्त्यांना लागून घरांच्या दाट रांगा आहेत. पोर्तुगिजांचा व्यापार फोडायला निघालेल्या डचांच्या हातात हे पुस्तक होते हे लक्षात घेतले, तर ब्राउनची धास्ती अगदीच पोकळ नव्हती असे म्हणावे लागते.

अठराव्या शतकातले एकच उदाहरण इथे पुरे. पॅरिसचा ‘त्युर्गो नकाशा’ १७३९ मध्ये प्रसिद्ध झाला. लुई ब्रेतेझ या चित्रकाराला वाडे, बागा, मठ यांच्या आत शिरून मापे घेण्याचा परवाना मिळाला होता. वीस कागद जोडून होणाऱ्या या नकाशाचे तांब्याचे पत्रे लूव्ह्रकडे जपलेले आहेत आणि त्यांवरून छापलेल्या प्रती अजून विकत मिळतात. प्रतिकृतीच्या बाजारात हे फारच दुर्मीळ भाग्य. मूळ पत्र्यावरून आज काढलेल्या प्रतीला खरी म्हणावे की नक्कल, यावर संग्राहकांनी खुशाल वाद घालावा.

आपल्याकडेही नकाशा भिंतीवर टांगण्याची एक परंपरा आहे, पण तिचा हेतू वेगळा. जैनांचे शत्रुंजय पट पाहा. पालिताण्याचा डोंगर, वर जाणारी वाट, मंदिरांचे पुंजके आणि चढणारे यात्रेकरू एका मोठ्या कापडावर. कार्तिकी पौर्णिमेला ज्यांना प्रत्यक्ष जाता येत नाही ते या पटापुढे दर्शन घेतात. पुरीच्या यात्रेकरूंनी घरी नेलेले जगन्नाथाच्या क्षेत्राचे पटही त्याच जातीचे. तिथे नकाशा पाहणे हीच यात्रा. अमेरिकन गावांच्या नकाशांत देव नाही, पण आपले स्थान भिंतीवर आणून त्याच्याकडे भक्तीने पाहणे आहे, आणि म्हणूनच मला हे दोन प्रकार दिसतात तितके दूरचे वाटत नाहीत.

आता मुख्य विषयाकडे. अमेरिकेत यादवी युद्धाच्या आधीही शहरांची दृश्ये निघत. इंग्लंडहून आलेला एडविन व्हाइटफील्ड आणि न्यूयॉर्कची विहंगम दृश्ये काढणारा जॉन बाखमान ही त्यातली मोठी नावे. पण ती मोठ्या शहरांची, महाग आणि मोजकी. लहानसहान गावांचा सुकाळ युद्धानंतर झाला आणि त्याचे कारण सरळ आहे. रेल्वे पश्चिमेकडे सरकत होती, वर्षा-दोन वर्षांत गावे उभी राहत होती आणि प्रत्येक गावाला आपण उद्याचे शिकागो आहोत अशी खात्री होती. अशा गावांना आरसा नको होता, जाहिरात हवी होती.

या धंद्याचा पहिला कारखानदार म्हणजे अल्बर्ट रुगर. प्रशियात जन्मलेला, युद्धात सैनिक, छावण्यांची चित्रे काढून हात बसलेला. १८६९ या एका वर्षात त्याने साठाहून अधिक गावांची दृश्ये काढली. आठवड्याला एकाहून जास्त गाव! त्याची रेघ कोरडी आहे, झाडे ठोकळ आणि पाण्यावर फारशी मेहनत नाही. पण रस्ते आणि घरे विश्वासार्ह. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या जे. जे. स्टोनरशी त्याची भागीदारी झाली आणि मॅडिसन व मिलवॉकी ही या व्यवसायाची पेठ बनली. मिलवॉकीच्या बेक आणि पाउली यांच्या छापखान्याचे नाव आज प्रतिकृतींच्या तळाशी वाचायला मिळते ते या पेठेमुळे. जर्मन स्थलांतरितांनी शिळाछापाचे कौशल्य बरोबर आणले होते. हेन्री वेल्गी हाही त्याच मुशीतला; त्याची चित्रे रुगरपेक्षा मऊ, डोंगर आणि पाणी यांच्यावर प्रेम करणारी.

थेडियस मॉर्टिमर फाउलर या सगळ्यांत माझा आवडता. जन्म १८४२, मॅसॅच्युसेट्समधले लोवेल. १८६२ मध्ये बुल रनच्या दुसऱ्या लढाईत जखमी, मग सैनिकांची छायाचित्रे काढत फिरणे, मग मॅडिसन आणि १८७० पासून हा धंदा. त्याचे चारशेहून अधिक नकाशे ज्ञात आहेत आणि त्यांतले सर्वांत जास्त पेनसिल्व्हेनियातले. टायटसव्हिल हे तेलाचे गाव त्याने १८९६ मध्ये काढले, पिट्सबर्ग १९०२ मध्ये. इतर चित्रकार मोठ्या गावांमागे धावत असताना हा कोळशाच्या आणि तेलाच्या पट्ट्यातली अशी गावे गाठत राहिला, ज्यांची नावे बाकी कुठल्या चित्रात सापडत नाहीत. १९१८ मध्ये अ‍ॅलनटाउनची टिपणे घेत हिंडणाऱ्या या म्हाताऱ्याला शत्रूचा हेर समजून ताब्यात घेण्यात आले. ब्राउनची धास्ती साडेतीन शतकांनी अशी परत आली. १९२२ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या मिडलटाउनचे काम चालू असताना तो बर्फाळ रस्त्यावर घसरून पडला आणि त्यातच गेला. वयाच्या ऐंशीव्या वर्षातही तो गल्ल्याच पालथ्या घालत होता.

बाकीच्यांची ओळख थोडक्यात. ओकली बेली पूर्वेकडच्या गावांत रमला आणि शंभरी ओलांडून १९४७ पर्यंत जगला. दुसऱ्या महायुद्धातली विमानातून घेतलेली छायाचित्रे वर्तमानपत्रांत येऊ लागली तेव्हा हा गृहस्थ हयात होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या कंपनीने चित्रांना ‘एरो व्ह्यू’ असे नवे नाव देऊन टाकले. काम तेच, पायी चालून केलेले. ल्युशियन बर्लीने न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय इथे स्वतःचा छापखाना घातला, त्यामुळे त्याची छपाई एकसारखी आणि नेटकी आहे. ऑगस्टस कोखने टेक्सासमधले सॅन अँटोनिओ आणि ऑस्टिन प्रत्येकी दोनदा काढले, मध्ये तेरा-चौदा वर्षांचे अंतर ठेवून. शेजारी शेजारी लावण्यासाठी याहून चांगली जोडी मला माहीत नाही.

महानगरांची परंपरा या सगळ्यांहून वेगळी. न्यूयॉर्कच्या करियर आणि आइव्हज यांनी मोठ्या शहरांची रंगीत, झळाळती दृश्ये काढली. ती डोळ्यांत भरतात, पण जवळ गेल्यावर घरे एकमेकांत विरघळतात. त्याच्या अगदी उलट टोकाला सेंट लुइसचा १८७५ चा सचित्र नकाशा आहे. कॅमिल ड्राय या चित्रकाराने आणि रिचर्ड कॉम्प्टन या प्रकाशकाने तो ११० पानांच्या पुस्तकात छापला. सगळी पाने जोडली तर एक मोठी भिंत भरते आणि जवळजवळ प्रत्येक इमारत ओळखता येते. माझ्या मते या प्रकाराचे शिखर तेच. पण शिखर गाठल्यावर पुन्हा कोणी त्या वाटेला गेले नाही, कारण असे काम परवडणारे नव्हते.

हा ड्राय सेंट लुइसच्या आधी, १८७१ मध्ये, टेक्सासच्या किनाऱ्यावरचे गॅल्व्हेस्टन काढून गेला होता. समुद्रसपाटीपासून जेमतेम तीन मीटर उंचीचे, कापसाच्या निर्यातीवर गबर झालेले बेट. कोखने ते १८८५ मध्ये पुन्हा काढले. दोन्ही चित्रांत बंदर गलबतांनी गजबजलेले आहे आणि समुद्र गुळगुळीत. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळाने त्या गावाचा मोठा भाग धुऊन नेला आणि हजारो माणसे मेली. अमेरिकेच्या इतिहासातली ती सर्वांत प्राणघातक नैसर्गिक आपत्ती. पुढे समुद्राला भिंत घालण्यात आली, भराव टाकून शहराची पातळी उंचावली गेली. आज गॅल्व्हेस्टनच्या घरात यातली प्रतिकृती टांगलेली असते तेव्हा पाहणाऱ्याला जे दिसते ते चित्रकाराने काढलेलेच नव्हते. विहंगम नकाशांचे मोल अशा ठिकाणी कळते. विकण्यासाठी रंगवलेली भरभराट पुढे नाहीशी झालेल्या वस्तीची नोंद होऊन बसते.

पण नोंद म्हणून वाचताना हात आखडता ठेवावा. ही चित्रे पैसे देणाऱ्याच्या बाजूने बोलतात. प्रत्येक धुराड्यातून धूर निघतो, कारण धूर म्हणजे चालू कारखाना. प्रदूषणाचा विचार तेव्हा कुणाच्या मनात नव्हता. रस्ते रुंद आणि कोरडे असतात. चिखल आणि उकिरडे औषधालाही सापडत नाहीत. रस्त्यात घोडागाड्या आहेत, पण गर्दी नाही. काही नकाशांत मंजूर झालेली पण अजून न बांधलेली इमारत झोकात उभी असते. ती पुढे बांधली गेलीच नाही, असेही घडले आहे. आणि ज्या जमिनीवर हे चौकोन आखले गेले ती आधी कुणाची होती, याचा मागमूस सहसा नसतो. मूळ रहिवासी चित्रात आलेच तर काठावर, शोभेपुरते. भिंतीवरच्या चित्राला हे सगळे विचारल्याने त्याची शोभा कमी होते असे कुणाला वाटेल. माझा अनुभव उलटा आहे. काय गाळले आहे हे शोधू लागल्यावर नजर त्यावर जास्त वेळ टिकते.

पहिल्या महायुद्धानंतर हा धंदा आटला. विमानातून छायाचित्रे मिळू लागली, शहरे कागदात मावेनाशी झाली, उंच इमारतींनी मागचे रस्ते झाकले. दुसरीकडे जपानमध्ये योशिदा हात्सुसाबुरो याच सुमारास रेल्वे कंपन्यांसाठी लांबट, वळणदार विहंगम नकाशे काढून लोकप्रिय होत होता, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या हेर्मान बोलमान व ऑस्ट्रियाच्या हाइनरिख बेरान यांनी ही कला नव्याने उभी केली. ती वेगळी कथा आहे.

अमेरिकन गावांचे नकाशे मात्र माळ्यांवर पडून राहिले. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदामुळे ते पिवळे पडले, घड्यांवर फाटले. त्यांना परत उजेडात आणण्याचे श्रेय दोघांना जाते. एक, वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस, जिच्याकडे आज दीड हजारांहून जास्त असे नकाशे आहेत. दुसरे, कॉर्नेल विद्यापीठात नगररचना शिकवणारे जॉन रेप्स. त्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत अमेरिका आणि कॅनडातल्या शहरांच्या सुमारे साडेचार हजार दृश्यांची नोंद आहे. सूचीकार रुक्ष असतात हा समज रेप्स यांनी खोटा ठरवला. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकामधून जुन्या नगरदृश्यांच्या छापील प्रतिकृती विकणारी संस्थाही त्यांचीच होती. अभ्यास आणि भिंत यांच्यात त्यांना कधी भांडण दिसले नाही.

खरा स्फोट १९९० च्या दशकात झाला. लायब्ररीने मोठ्या स्वच्छतेने केलेली स्कॅन इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. स्वामित्वहक्क कधीच संपलेला, चित्र फुकट, छपाईची यंत्रे गल्लोगल्ली. कुणीही प्रतिकृतींचे दुकान घालू शकतो आणि अनेकांनी घातलेही. त्यातून प्रतिकृतींचेही पंथ तयार झाले. एक पंथ मूळ कागद जसा आहे तसा, त्याच मापात छापतो, डाग-घड्यांसकट. दुसरा डाग पुसतो, फाटलेले सांधतो, अक्षरे उठावदार करतो. तिसरा रंग भरतो, नदी निळीशार आणि माळरान हिरवेगार करतो. चौथा गावाचा एक तुकडा कापून भिंतभर वॉलपेपर बनवतो. मी पहिल्या पंथाचा. दुसऱ्याशी माझे जुळते. तिसऱ्याबद्दल बोलायचे तर मूळ छपाई बहुधा काळ्या रेघेवर एक-दोन फिक्या रंगछटांची असे, कधी हाताने थोडे रंगकाम. त्यावर निळीशार नदी ओतली की डोळा नदीकडेच जातो आणि घरे मागे पडतात. आणि नव्या छपाईवर मुद्दाम चहासारखा तपकिरी रंग चढवून तिला ‘अँटिक’ म्हणून विकणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे. तो तपकिरी रंग म्हणजे मूळ कागदाचा आजार आहे. त्याची नक्कल कशाला?

प्रत विकत घेताना मी एकच कसोटी लावतो : तळाच्या यादीतला एक आकडा निवडायचा आणि ती इमारत चित्रात शोधायची. आकडा वाचता आला आणि सापडला तर प्रत चांगली. अक्षरे फुटलेली किंवा धूसर असतील तर विक्रेत्याने लहान चित्र ताणून मोठे केलेले असते. विकायला आलेला नकाशा मूळ आहे की नवा, हे भिंगाखाली बरेचसे कळते. दगडावरच्या छपाईत खडूची अनियमित कणीदार रेघ दिसते, ऑफसेटमध्ये ठिपक्यांच्या शिस्तशीर रांगा, आणि शाईच्या फवाऱ्याच्या यंत्रात विखुरलेले बारीक कण.

हे सगळे मराठीत सांगण्याचे कारण काय? एक कारण व्यवहाराचे. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, मिशिगन, टेक्सास इथल्या गावांत आता कितीतरी मराठी घरे आहेत आणि दिवाणखान्यात वारलीच्या शेजारी गावाचा जुना नकाशा लागलेला दिसतो. शिवाय या प्रतिकृती पुण्या-मुंबईतही मागवल्या जातात, आणि आपल्या दमट हवेत त्या कशा टिकवायच्या याचा सल्ला अमेरिकन पुस्तकांत मिळत नाही. इथे चित्र काचेला चिकटता कामा नये, मध्ये माउंटची जागा हवी. माउंट आणि मागचा पुठ्ठा आम्लविरहित हवा. बाहेरच्या, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर ते लावू नये. आणि वर्षातून एकदा पाठ उघडून कसर लागली आहे का ते पाहावे.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. या नकाशांचा बहराचा काळ आणि अमेरिकेबद्दलच्या मराठी लेखनाचा पहिला काळ एकच आहे. आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी घेतली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढे दोन-अडीच वर्षे तो देश पालथा घालून त्यांनी १८८९ मध्ये त्याच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. बर्क आणि मॅकफेट्रिज यांनी छापलेले फिलाडेल्फियाचे विहंगम दृश्यही १८८६ सालचेच. आनंदीबाई ज्या शहरात थंडीशी आणि आजाराशी झुंजत होत्या, ते शहर त्या कागदावर उन्हात झळकते आहे. रमाबाईंचे पुस्तक आणि हे चित्र शेजारी ठेवले की दोन्हींतले गाळलेले भाग एकमेकांना दिसू लागतात. रमाबाई शाळा, तुरुंग, स्त्रियांच्या संस्था, गोऱ्या-काळ्यांमधला भेद यांबद्दल लिहितात. नकाशात शाळा आकड्यानिशी आहे, तुरुंगही कधी आहे. भेद कुठेच नाही. मराठी वाचकाला या नकाशांत शिरायला हा एक आपला दरवाजा आहे, आणि माझ्या माहितीत तो फारसा कुणी उघडलेला नाही.

पुस्तकाची मर्यादा सांगून थांबतो. हा विहंगम नकाशांचा सर्वसमावेशक इतिहास नाही. तो रेप्स यांच्या सूचीच्या आधाराने लिहायला दुसरे आयुष्य लागेल. युरोपातली परंपरा इथे पार्श्वभूमीपुरती आहे, जपानी आणि युद्धोत्तर नकाशांना जागा दिलेली नाही. निवड अमेरिकन गावांची, आणि त्यातही अशी की प्रत्येक नकाशाची चांगली प्रतिकृती सामान्य वाचकाला मिळवता यावी. महानगरे मुद्दाम कमी घेतली आहेत, फाउलर मुद्दाम जास्त. चित्रे शक्य तिथे मूळ मापाच्या तुकड्यांत छापली आहेत, कारण अख्खा नकाशा पुस्तकाच्या पानात बसवला की तो नुसती नक्षी होतो. प्रत्येक चित्राखाली चित्रकार, छापखाना, साल आणि मूळ प्रत कुठे आहे हे दिले आहे, आणि छपाईसाठी रंगात काही बदल केला असेल तर तोही नोंदवला आहे. भिंग मात्र वाचकाने आपले आपण आणावे.